सतरा नंबरची ओळ

१

सोमवारी सकाळी आमच्या शहरातली सगळी जन्मलेली माणसं नाहीशी झाली. मेलेलीही.

म्हणजे माणसं होती तिथंच होती. नाहीशा झाल्या त्यांच्या नोंदी. मी नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसते. समोर एक बाप चार दिवसांच्या लेकीची नोंद करायला उभा होता. मी पहिलं अक्षर दाबलं आणि पडदा काळा झाला. मग पांढरी अक्षरं उमटली : तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप लावलं आहे. किल्ली हवी असेल तर बहात्तर तासांत सांगू तेवढे पैसे भरा.

"ताई, बंद पडला का?" बापानं विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत शेजारच्या खिडकीतून आवाज आला, "अगं, माझाही गेला!" मग हॉलभर आरोळ्या सुरू झाल्या. पाणीपट्टी गेली. बांधकाम परवाने गेले. कुणीतरी म्हणालं, "माझी पेन्शनची फाइल पण गेली का रे?" आणि दोघं-तिघं हसले. मग कुणीच हसलं नाही.

हॉलच्या घड्याळात नऊला पाच कमी होते. म्हणजे खरे नऊ वाजून दहा मिनिटं. कधीकाळी एका शिपायानं ते घड्याळ पंधरा मिनिटं मागं लावलं, कुणाचाही लेटमार्क लागू नये म्हणून. ते पुण्यकर्म पुसायची हिंमत नंतर कुणी केली नाही. साहेब लोक वरच्या मजल्यावर बसतात. त्यांचं घड्याळ वेगळं आणि बरोबर.

संध्याकाळी मला वर बोलावणं आलं.

२

केबिनमध्ये तिघं होते. उपायुक्त मॅडम. आमचे संगणकप्रमुख, ज्यांना अख्खी इमारत नुसतं 'सर' म्हणते. आणि पोलिसांच्या सायबर शाखेचे एक अधिकारी, राखाडी स्वेटर, कानामागं पेन्सिल, सुताराला असते तशी.

सरांच्या हातात दोन कागद होते. "सकाळी सगळं बंद पडायच्या आत मी गुरुवारची यादी छापून घेतली," ते म्हणाले. "कुठल्या मशीनवर कधी काय झालं, त्याची. बाकी सगळ्याला कुलूप लागलंय. एवढीच उरली."

मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला. एका ओळीवर लाल खूण होती : बारा चाळीस. मशीन सतरा. ई-मेलची जोडफाइल उघडली. पुढं माझं नाव.

"हा विषाणू तीन दिवस दबा धरून बसला," सर हळू आवाजात म्हणाले. "आज फुटला. ताई, मला फार वाईट वाटतंय. असं कुणाच्याही हातून होतं."

"कुणाच्याही नाही, यांच्या हातून झालं," मॅडम म्हणाल्या. "बुधवारी चार वाजता मी निलंबनाच्या आदेशावर सही करणार. पुढचं पोलीस बघतील."

"पुढचं म्हणजे?" मी विचारलं.

स्वेटरवाल्या साहेबांनी पेन्सिल कानामागून काढली. "ताब्यात घ्यावं लागेल. एक-दोन दिवस चौकशी."

एक-दोन दिवस. माझी लेक आठ महिन्यांची आहे आणि बाटली तोंडात घेत नाही. चमचा, वाटी, सगळं करून झालंय. ती तोंड मिटून माझ्या वाटेकडे बघत बसते. एकदा ट्रेनिंगला गेले होते तेव्हा सात तास तिनं काही घेतलं नव्हतं.

"मी ती फाइल उघडली नाही," मी म्हणाले.

पण आवाजात जोर नव्हता. कारण मला खात्रीच नव्हती. आठ महिन्यांत मी सलग तीन तास झोपले नव्हते. मागच्या आठवड्यात मोबाइल फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधला होता. झोपेत चालावं तसं झोपेत बोट दाबलं गेलं असेल तर?

३

मंगळवारी स्वेटरवाले साहेब माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले.

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"लेकीची जन्मतारीख आहे. कीबोर्डखाली चिठ्ठी असते."

"म्हणजे सगळ्यांना." त्यांनी लिहून घेतलं. "मशीनमध्ये काही दोष?"

"दोष कुठला नाही ते विचारा. आतली बॅटरी मेली आहे. रोज सकाळी सुरू केलं की मला तारीख विचारतं, वेळ विचारतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं, आज वार कुठला गं? मी समोर बघून सांगते. तीनदा तक्रार लिहून दिली. वर पोचल्याची सही आहे, उत्तर नाही."

"गुरुवारी बारा चाळीसला कुठं होतात?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं. "पाळणाघरात. मागच्या अंगणातल्या खोलीत. साडेबाराला लेकीला पाजायला जाते, एकला पाच कमी असताना परत येते. तिच्या भुकेला मी हॉलचं घड्याळ लावत नाही, मोबाइल बघून जाते. तिथं वही आहे. आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, सही."

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "मग भिता कशाला? चला."

पाळणाघराच्या मावशी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वही काढून दिली. गुरुवारच्या पानावर माझं नाव होतं. बारा तीस आत, बारा पंचावन्न बाहेर. मी श्वास सोडला.

साहेबांनी पान उलटलं. आणखी एक. मग आजचं. तिथं त्यांची पेन्सिल थांबली.

"आत्ता किती वाजले?"

"अकरा," मावशी म्हणाल्या.

आजच्या पानावर माझ्या नावापुढं लिहिलेलं होतं : बारा तीस आत, बारा पंचावन्न बाहेर.

"त्यात काय?" मावशींना कळेना. "या बाया रोज त्याच वेळेला येतात. मी सकाळीच सगळं भरून टाकते. दुपारी माझे हात रिकामे असतात का? एक रडतं, एक शी करतं..."

"आणि सही?"

"ती त्या सोमवारी करतात. आठवड्याची एकदम."

साहेबांनी वही मिटली. माझ्याकडं बघितलं नाही. "बाई," ते म्हणाले, "या वहीवर उद्या कुणीच विश्वास ठेवणार नाही. मीसुद्धा नाही."

४

दुपारी मी माझ्या शेजारणीला जिन्यात गाठलं. आमच्या खिडक्या एकमेकींना लागून. गेली सहा वर्षं ती माझ्या डब्यातलं खाते, मी तिच्यातलं.

"गुरुवारी मी गेल्यावर माझ्या जागेवर कोण बसलं होतं?"

"मला काय माहीत? मान खाली घालून माझं काम करत होते."

"परत आले तेव्हा खुर्ची खाली केलेली होती. तू माझ्यापेक्षा बुटकी आहेस."

ती एकदम लाल झाली. "आता माझ्यावर ढकलणार का? स्वतः पेंगत असतेस दिवसभर! मीच दोनदा तुझ्या फॉर्मवरच्या चुका सुधारल्यात, कुणाला बोलले का?" आणि ती तरातरा निघून गेली.

सहा वर्षांची मैत्री एका जिन्यात संपली. वाईट म्हणजे तिचं खरं होतं. मी पेंगत होते.

वरच्या पायरीवर सर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. "ताई, भांडू नका," ते म्हणाले. "मी कालपासून विचार करतोय. तुम्ही सरळ लिहून द्या, नजरचुकीनं झालं. बाळ लहान आहे, झोप नाही. मॅडमही बाईच आहेत. मी स्वतः शब्द टाकतो. ताब्यात घ्यायची वेळच येणार नाही."

"लिहून दिलं तर लेकीपासून..."

"एक तासही लांब राहावं लागणार नाही. कागद मी टाइप करून आणतो."

इतकं मऊ त्या दोन दिवसांत कुणी बोललं नव्हतं. मला रडू आलं. ते म्हणाले, "मी तर गुरुवारी जेवायलाही उठलो नव्हतो. बारापासून दीडपर्यंत टेबलाशी, काम करत. खाली एक चक्कर मारली असती तर हे टळलं असतं. तेच मनाला लागतं बघा."

स्वेटरवाल्या साहेबांनी जाताना यादीची एक प्रत मला दिली होती. "बघत राहा. माणसाला आठवत नाही ते कधी कधी कागदाला आठवतं." ती प्रत पिशवीत, सरांचा शब्द मनात, अशी मी घरी गेले.

५

बुधवारी सकाळी सरांनी टाइप केलेला कागद माझ्या टेबलावर होता. 'माझ्या हातून नजरचुकीने...' खाली सहीची रेघ. मी पेनचं टोपण काढलं.

सही करायच्या आधी तारीख घालावी म्हणून समोर बघितलं. हॉलच्या घड्याळात दहा वाजले होते. आणि मला मावशींची वही आठवली. आधीच भरलेली. कुणाचंही वाईट चिंतून नव्हे, हात रिकामे नसतात म्हणून. या इमारतीत आणखी कोण काय आधीच भरून ठेवतं?

टोपण लावलं आणि तळघरात रेकॉर्ड रूमकडं गेले.

रेकॉर्ड रूमच्या काकांना सगळे कागदी वाघ म्हणतात. कॉम्प्युटर येऊन पंधरा वर्षं झाली, तरी ते प्रत्येक दाखल्याची ऑफिस-प्रत मागून घेतात. तिला अर्ज टाचतात, अर्जाला टोकनची चिठ्ठी टाचतात आणि गठ्ठा बांधतात. सरांनी दोनदा लेखी कळवलं होतं, ही पद्धत बंद करा.

"ये पोरी," ते म्हणाले. "सोमवारपासून माझ्याकडं रांग लागलीय. परवापर्यंत मी भंगार होतो."

"काका, बॅकअपची डिस्क कुठं असते?"

"नियमानं इथं. या लोखंडी कपाटात. दर शुक्रवारी वरून सोडवून आणायची, कपाटात ठेवायची, वहीत सही करायची. म्हणजे वर आग लागली तरी खालचं वाचतं."

"मग वाचलं का नाही?"

"तुमचे सर म्हणाले, सोमवारी सकाळी वाचवायला म्हणून डिस्क वर नेली, जोडली आणि तीही गेली. असेल. कॉम्प्युटरचं आपल्याला काय कळतं?"

वही कपाटाच्या मुठीला सुतळीनं लटकत होती. मी उघडली. प्रत्येक शुक्रवार, पुढं सरांची सही. गेला शुक्रवार. येणारा शुक्रवार. त्याच्या पुढचा. पुढच्या महिनाअखेरपर्यंत.

"काका, यांनी कपाटाची किल्ली शेवटची कधी मागितली?"

काका डोकं खाजवू लागले. "या वर्षात? नाही बाबा. येतात, एका बैठकीत सह्या करतात, जातात. मला वाटलं, नवी पद्धत असेल."

डिस्क कधी खाली आलीच नव्हती. कायम वरच जोडलेली होती आणि सोमवारी बाकीच्यांबरोबर तिलाही कुलूप लागलं. शहराची नोंद बुडाली ती एका फाइलमुळं नव्हे, न उचललेल्या डिस्कमुळं. पण यानं सरांचा आळस सिद्ध होत होता. माझ्या नावाची ओळ तशीच होती.

मी तिथंच गठ्ठ्यावर बसले आणि पिशवीतली यादी काढली. ओळी जशा घडल्या तशा एकाखाली एक. लाल खुणेची ओळ सोडून मी पहिल्यांदाच खालच्या ओळी वाचल्या.

बारा चाळीस, मशीन सतरा, जोडफाइल उघडली.
बारा चव्वेचाळीस, मशीन नऊ.
बारा सत्तेचाळीस, मशीन बावीस.
बारा चौतीस, मशीन सतरा, जन्मदाखला छापला.

मी परत वाचलं. बारा चाळीसनंतर माझंच मशीन बारा चौतीसला दाखला छापत होतं. घड्याळ दमलं तर थांबेल. मागं चालणार नाही.

"काका," मी म्हणाले, "गुरुवारचा गठ्ठा सोडा."

६

चार वाजायला वीस मिनिटं होती. मॅडमच्या टेबलावर आदेश तयार होता. सर खिडकीशी उभे होते. स्वेटरवाले साहेब माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडं बघत होते. मी शेजारणीलाही घेऊन गेले होते. आदल्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नव्हती, पण दाखला दाखवल्यावर मुकाट्यानं उठून आली.

"आधी ही बोलेल," मी म्हणाले.

"माझा प्रिंटर अडकला होता," शेजारीण जमिनीकडं बघत म्हणाली. "गुरुवारी ही बाळाकडं गेली तेव्हा मी हिच्या मशीनवर एक दाखला छापला. एकच. दुसऱ्याच्या नावानं काम करायला बंदी आहे, म्हणून बोलले नाही. पण फाइल-बिइल मी उघडली नाही. शप्पथ."

"किती वाजता?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या मोबाइलवर एकला दहा कमी होते. मुलाच्या शाळेतून फोन आला होता, तेव्हाच. कॉल अजून आहे, बघा."

मी दाखल्याची प्रत टेबलावर ठेवली. "या दाखल्यावर मशीननं छापलेली वेळ आहे बारा चौतीस. आणि ही त्याच माणसाच्या अर्जाला टाचलेली टोकनची चिठ्ठी. ती दारातल्या मशीनची. तिच्यावर बारा अडतीस."

मॅडमनी चष्मा लावला. "टोकन घ्यायच्या आधीच दाखला मिळाला?"

"सतरा नंबर पंधरा मिनिटं मागं चालतं, मॅडम. बॅटरी मेलेली. रोज सकाळी मला वेळ विचारतं आणि मी समोरच्या भिंतीवर बघून सांगते. भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं मागं आहे. हॉलमध्ये झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत आहे. वरती कुणाला माहीत नाही."

मी यादी पसरली.

"गुरुवारी सतरा नंबरच्या एकूण एकोणीस ओळी आहेत. यादीत ज्या-त्या मशीनचीच वेळ पडते, म्हणून अठरा ओळी आजूबाजूच्या ओळींपेक्षा पंधरा मिनिटं मागं आहेत. सगळ्या चुकलेल्या. एकच ओळ घड्याळाला घड्याळ लावून बरोबर आहे. लाल खुणेची. माझ्या मशीनवर काही बरोबर असेल, तर ते माझ्या मशीनचं नाही. ती ओळ दुसऱ्या कुणाची तरी आहे. फक्त नंबर आणि नाव माझं घातलंय."

स्वेटरवाल्या साहेबांनी पेन्सिल यादीवरून खाली-खाली फिरवली. "तीन नंबर कुणाचं मशीन?"

"माझं," सर म्हणाले. "पण त्या ओळी..."

"नाहीत. बारा वीसपासून एक दहापर्यंत तीन नंबरची एकही ओळ नाही. जेवायला गेला होतात?"

सरांच्या आधी मीच म्हणाले, "काल जिन्यात म्हणाले होते, जेवायलाही उठले नाहीत. दीडपर्यंत काम करत होते."

"आणखी एक," साहेब म्हणाले. "हे मला सोमवारपासून टोचतंय. पहिलं मशीन गेल्यापासून सगळं बंद पडायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत तुम्ही एकाच दिवसाची यादी छापली, गुरुवारची. विषाणू गुरुवारी शिरला, हे सोमवारी सकाळी आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला कसं?"

मी कपाटाची वही टेबलावर ठेवली, येणाऱ्या शुक्रवारच्या पानावर उघडून.

सर खुर्चीत बसले. बसले म्हणजे खाली आले. वहीकडं बघत म्हणाले, "फाइल उघडली आणि स्क्रीन एकदा लुकलुकला. मला कळलं. तीन दिवस झोपलो नाही. वाटलं, काही होणार नाही. फाइल एकवेळ माफ झाली असती. पण डिस्कबद्दल विचारलंच असतं." मग माझ्याकडं बघितलं. "तुमचं वाईट व्हावं असं नव्हतं, ताई. तुम्हाला लोकांनी माफ केलं असतं. लेकुरवाळी आहे, थकलेली आहे, झाली चूक, असं म्हणून. मला कोण म्हणणार होतं?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो नंतर, घरी गेल्यावर. त्या क्षणी एवढंच वाटलं की माझी झोप, माझे काळे डोळे, माझी पेंग, हे सगळं या माणसानं महिनोन्‌महिने नीट बघून ठेवलं होतं. नुसत्या माझ्या तीन तक्रारी वाचल्या नव्हत्या. त्यातली एक जरी वाचली असती, तर सतरा नंबरची वेळ आधी तपासून ओळ पंधरा मिनिटं मागं घेतली असती. आणि मी त्या संध्याकाळी घरी गेले नसते.

मॅडमनी आदेश फाडला. "तुम्ही जा," त्या मला म्हणाल्या. "बाळ वाट बघत असेल."

७

कुलूप लावणारे कोण, कुठले, कधी कळलं नाही. बहुधा कळणारही नाही. पैसे भरले नाहीत आणि किल्ली मिळाली नाही. आता आम्ही शहर पुन्हा लिहून काढतोय, काकांच्या गठ्ठ्यांवरून, एकेक माणूस. शेजारीण वाचते, मी टाइप करते. त्या चार दिवसांच्या लेकीची नोंद मी पहिली घातली. आता ती महिन्याची झाली आहे. काकांना मदतनीस मिळाला असून ते त्याला रोज रागावतात.

हॉलचं घड्याळ मॅडमनी स्वतः उभं राहून पुढं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी अख्खा हॉल उशिरा आला.

आदेश फाडल्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी पाळणाघरात गेले तेव्हा मावशींनी वही पुढं केली. "सही तेवढी करा. वेळ घातलीय मी."

बारा तीस. लेक माझा आवाज ऐकून रांगत येत होती. मी मोबाइल बघितला, मावशींचं अक्षर खोडलं आणि वर लिहिलं : बारा त्रेचाळीस.

"अहो, तेरा मिनिटांनी काय फरक पडतो?" मावशी म्हणाल्या.

मी सही केली आणि लेकीला उचललं.